सहीपुरती जागा

२०२० च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनं आई-बापांना एक गोष्ट लेखी विचारली. लेकरू वर्गात पाठवता का? नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडायचे होते. हजेरीची सक्ती नव्हती. ज्याला यायचं त्यानं पालकाच्या सहीचं संमतीपत्र आणायचं, बाकीच्यांनी घरी बसून मोबाइलवर शिकायचं. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांचं रान लिंबोटीच्या धरणात गेलेलं. ते परिपत्रक वाचून म्हणाले, "एवढ्या अदबीनं जमीन घेतानाबी नव्हतं कुणी विचारलं." आम्ही सगळे हसलो. पण सरकार विचारायला लागलं की पुढचं निस्तरायचं आपल्यालाच असतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी अहमदपूरला हायस्कूलमध्ये शिकवते, नववी-दहावीला. म्हणजे मुलांकडून संमतीपत्रं गोळा करणं माझ्याकडं. त्याच आठवड्यात माझी मुलगी जिथं बारावीला होती त्या लातूरच्या कॉलेजकडून तसलाच कागद माझ्या मोबाइलवर आला. तो झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणला आणि फ्रिजवर ठेवून दिला. दिवसा शाळेत मी दुसऱ्यांच्या सह्या मोजत होते, आणि घरी आल्यावर फ्रिजकडं बघायचं टाळत होते. थोरला मुलगा नांदेडला इंजिनिअरिंगला. त्याचं कॉलेज अजून बंदच होतं, म्हणून त्याची काळजी रांगेत मागं उभी होती.

अहमदपूर या दोन्ही शहरांच्या मधोमध आहे. इकडं लोहा ओलांडून नांदेड, तिकडं चाकूर ओलांडून लातूर, एसटीनं दोन्हीकडं सारखाच वेळ. आमच्या भागात लेकरू दहावी झालं की ते या रस्त्यावर कोणत्या बाजूच्या गाडीत बसणार, एवढंच ठरवायचं राहतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लातूरच्या शाहू कॉलेजच्या मुलांची नावं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. गुणवत्ता याद्या गेल्या, मेडिकलची सीईटी गेली, नीट आली, तरी पोरांचा ओघ थांबला नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या बाबानगर, भाग्यनगर, श्यामनगर भागात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांवर आख्खं गाव चालतं. मेसवाल्या मावश्या, अभ्यासिका, जुन्या सायकली विकणारे, कपडे धुऊन देणारे, रात्री अकराला चहा देणारे. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळ कुठकुठून पोरं येतात. एकेका खोलीत तीन कॉट, तीन टेबलं, भिंतीवर आवर्तसारणी आणि तिच्या शेजारी वेळापत्रक. आई-बाप सोडायला येतात तेव्हा खोली बघून आईचा चेहरा पडतो आणि बाप आधी पाण्याचं विचारतो.

मार्च २०२० च्या मध्यावर हे सगळं दोन-चार दिवसांत रिकामं झालं. पोरं अंगावरच्या कपड्यांनिशी आली. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, असंच सगळ्यांना वाटलं होतं. गाद्या, बादल्या, नोट्स, टेबल फॅन, खाऊचे डबे सगळं कुलपात राहिलं. पुढं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हलायची मुभा मिळाली, तेव्हा आम्ही मुलीचं सामान आणायला गेलो. शिवाजी चौकातून आत वळलो तर ट्यूशन एरियात कुत्रीसुद्धा नव्हती. पोरांच्या उष्ट्यावर जगणारी ती कुत्री कुठं गेली असतील हा विचार मला त्या दिवशी फार वेळ छळत राहिला. खोली उघडली. लाडवांच्या डब्यात बुरशीचं हिरवं रान माजलं होतं. गादीला ओल लागली होती. कॅलेंडर मार्चवर थांबलेलं, त्यावर मुलीनं पुढच्या टेस्टच्या तारखांभोवती लाल गोल केलेले. घरमालक खाली उभे होते, भाड्याचं काय ते विचारत होते. तेही काही लबाड माणूस नव्हते, या खोल्यांच्या भाड्यातूनच त्यांचा बँकेचा हप्ता जात होता. अर्ध्या भाड्यावर तोडलं आणि परतलो. चाकूरपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर एक कॉलेज भरत असे. खाली नेटवर्क यायचं नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मुलगी, जिन्याच्या दारात मुलगा, दोघांत एक हॉटस्पॉट. तिच्या सरांचा आवाज तुटत तुटत यायचा. सासूबाई वाळवणं राखायच्या निमित्तानं तिथंच बसायच्या आणि इतक्या लांबून शिकवतात म्हणून सरांची कीव करायच्या. शेजारच्या घरातला मुलगा रिपीटर होता. त्याची नीट ३ मे वरून २६ जुलैवर गेली, तिथून १३ सप्टेंबरवर. परीक्षा पुढं ढकला म्हणून सुप्रीम कोर्टात गेलेल्यांना कोर्टानं ऑगस्टमध्ये नकार दिला. त्याच महिन्यात आंतरजिल्हा एसटी सुरू झाली, सप्टेंबर लागताच ई-पासही गेला. शेजाऱ्यांनी कुणाची गाडी ठरवून मुलाला केंद्रावर नेलं. परत आल्यावर त्याच्या आईला पेपर कसा गेला ते सांगताच येईना. तिला आठवत होती फक्त फाटकाबाहेरची आई-बापांची गर्दी. सगळी लेकरं आत मास्क लावून एकमेकांपासून लांब बसलेली, आणि बाहेर आई-बाप खांद्याला खांदा लावून उभे.

डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना आजाराच्या भीतीनं घरी बसवायचं, ही त्या वर्षाची गंमत होती. बोलताना ती कुणाच्या लक्षात येत नसे. आमच्या मुलीच्या लक्षात आली होती, पण ते नंतर.

त्याच सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली आणि आम्हा मास्तरांच्या हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर आला. घरोघर जायचं, माणसं मोजायची, साठीच्या वरचे किती, शुगर कुणाला, बीपी कुणाला, लिहून घ्यायचं. वीस वर्षांहून जास्त या गावात शिकवते आहे, पण माझ्या विद्यार्थ्यांची घरं आतून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पाढे चुकणारी, गृहपाठ न आणणारी मुलं कुठून येतात ते दिसलं. एका पत्र्याच्या खोलीत चूल, पलंगावर लकवा झालेले आजोबा, खाली तीन लेकरं, आणि कोपऱ्यात शेळी. अंतर पाळा म्हणून सांगायचं होतं, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ऑक्सिमीटर लावून आकडा लिहिला आणि निघाले. एका घरी नववीतल्या मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, शाळा कधी सुरू होनार?" मी म्हटलं, होईल बाई लवकरच. ती म्हणाली, "दिवाळीच्या आत व्हायला पाहिजे." दिवाळीच्या आत का, ते तिच्या आईनं डोळ्यांनी गप्प केल्यामुळं तिला सांगता आलं नाही. पण तुळशीच्या लग्नानंतर काय सुरू होतं ते सांगायची गरज नव्हती. टाळेबंदीत लग्नं स्वस्त झाली होती. पन्नास माणसांत उरकायची मुभा, म्हणजे जेवणावळीचं कर्ज नाही. प्रशासनानं अमक्या गावात बालविवाह रोखला, तमक्या गावात रोखला, अशा बातम्या मराठवाड्यात रोज येत होत्या. रोखलेल्यांच्या बातम्या होतात, बाकीच्या मुली पटावरून नुसत्या कमी होतात.

नोव्हेंबरात संमतीपत्रं यायला लागली तेव्हा म्हणूनच मला नवल वाटलं नाही. पहिल्या दिवशी जी आली ती पत्र्याच्या खोल्यांमधून आली. ज्यांच्या घरात एक मोबाइल होता आणि तोही बापाच्या खिशात उसाच्या फडावर गेला होता, त्यांच्याकडून. कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला, टोळ्या निघून गेलेल्या. पालकाच्या सहीच्या जागी आजीचा अंगठा होता, आणि अंगठ्याभोवती पोरानं स्वतःच्या अक्षरात आजीचं नाव लिहून कंस केला होता. नियमाप्रमाणं ते चालतं का, हे मी कुणाला विचारलं नाही. ती नववीतली मुलगी स्वतः दोन प्रती घेऊन आली, एक हरवली तर असू द्यावी म्हणून.

सगळ्यांत उशिरा, आणि काही तर आलीच नाहीत, ती मोठ्या घरांतून. डॉक्टरांच्या, इंजिनिअरांच्या, आम्हा पगारदारांच्या. तिथं वेगळी खोली होती, वायफाय होतं, घरी येऊन शिकवणारे सर होते. त्या घरांचं प्रेम जास्त होतं असं नाही. भ्यायलाही घरात जागा लागते, ती त्यांच्याकडं होती. सरकारनं कागद असा छापला होता की जणू प्रत्येक दारात दोन वाटा आहेत, एक शाळेची आणि एक घराची, आणि पालकानं शांतपणे त्यातली एक निवडायची आहे. निम्म्या घरांत दुसरी वाट नव्हतीच. संमती मागायला आधी नाही म्हणायची सोय असावी लागते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संमतीपत्राच्या एका नमुन्यात शेवटची ओळ होती की पाल्यास काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. कागदाचं खरं काम त्या एका ओळीत होतं, वरचं सगळं मजकुरापुरतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आमच्या घरात मात्र दोन्ही वाटा होत्या, आणि म्हणून भांडण होतं.

भांडण म्हणजे आदळआपट नव्हे. रात्री जेवणं झाल्यावर हे म्हणायचे, "काय ठरवलं मग मॅडम?" शिक्षिकेचा नवरा झाल्यापासून ते मला मॅडमच म्हणतात, चिडले की जास्त. मी म्हणायची, "बघू." यांचं कृषी सेवा केंद्र आहे आणि थोडी शेती. त्या ऑक्टोबरात ऐन काढणीला पाऊस कोसळला. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या बुचाडांना पाण्यातच मोड आले. हमीभाव क्विंटलला ३,८८० होता, पण काळ्या पडलेल्या सोयाबीनला हमीभाव विचारायला जायचीही लाज वाटत होती. केंद्रावरची उधारी शेतकऱ्यांकडून येईना. आणि क्लासची फी निम्मी भरून झाली होती, उरलेली निम्मी समोर उभी. यांचं म्हणणं, पैसे गेलेच आहेत तर लेकरू बसू दे वर्गात. माझं म्हणणं, पैसे गेले म्हणून लेकरूही घालवायचं का? असलं बोललं की दोघांनाही रात्री झोप लागत नसे.

मला माझे वडील आठवत होते. १९९३ ला मी लातूरलाच अकरावीला होते. अनंत चतुर्दशीची मिरवणूक उशिरा संपली होती, आम्ही मुली गप्पा मारत उशिराच झोपलो होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, पत्र्याची पेटी आपोआप भिंतीवर आपटायला लागली. वसतिगृहाच्या अंगणात आम्ही गाऊनवर उभ्या, कुणी रडतंय, कुणी देवाचं नाव घेतंय. किल्लारीचं नाव उजाडल्यावर कळलं. दहा हजारांच्या आसपास माणसं त्या पहाटे मातीच्या भिंतींखाली गेली. दुसऱ्या दिवशी वडील आले. धोतर धुळीनं माखलेलं, बस मिळेल तिथवर बसनं आणि उरलेलं ट्रकमध्ये. मला वाटलं, आता घरी नेतील. ते आमच्या अंगणात इतर बापांबरोबर दोन रात्री उघड्यावर झोपले. रात्रीतून जमीन हलायची की सगळे बाप एकदम उठून बसायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "माय, इथली भुई नि गावची भुई एकच हाय. हलली तर दोन्हीकडं हलंल." आणि मला तिथंच ठेवून निघून गेले.

त्यांच्या त्या वाक्यावर मी सगळं आयुष्य काढलं आहे. आमच्याकडची माणसं धोक्याला अशीच मापतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी संपलं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हाही काही पोरं घरी गेली आणि पावसाबरोबर परत आली. जमावबंदी हा शब्द लातूरला कोरोनानं शिकवला नाही. पण भूकंप असो की दुष्काळ, लेकरू घरी आलं की विषय मिटायचा. भूकंप लेकराच्या अंगाला चिकटून आजीच्या खोलीत येत नाही. या आजारात ते उलटं होतं. सतरा वर्षांच्या पोरीला तो बहुधा सर्दीइतकाच होणार होता. धोका होता तो ती शनिवारी घरी येईल तेव्हा, सासूबाईंना. वडिलांचं वाक्य इथं चालत नव्हतं, आणि दुसरं माझ्याकडं नव्हतं.

संमतीपत्रावर आजीच्या सहीला जागा नव्हती. आईच्याही नव्हती खरं तर. 'पालक' असं लिहिलं की आमच्याकडं पेन बापाकडं जातं. आई पिशवी भरते.

सासूबाईंना मी विचारलं नाही, त्यांनीच एकदा विषय काढला. त्यांच्या सासूनं सांगितलेल्या गोष्टी त्यांना पाठ होत्या. प्लेग आला की उंदीर पडायला लागायचे आणि गाव उठून रानात जायचं, कडब्याच्या खोपटांत महिनोन्महिने राहायचं. मानमोडीच्या सालात, म्हणजे १९१८ ला, एकाला पोचवून यावं तर दुसरा तयार. "मंग लेकरं कुठं ठेवायचे हो आत्या?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठं ठेवतेत? जवळच. लांब पाठवायला होतं काय तवा?" मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "जाऊ दे पोरीला. मी काय जन्माला पुरनार हाय?"

असं म्हटल्यावर कोणती सून मुलीला पाठवील? आणि असं म्हटल्यावर कोणती न पाठवील? मी त्या रात्री यांना म्हटलं, "अहो, आत्यांनी हो म्हटलंय म्हणून पाठवायचं नाही." हे म्हणाले, "मग कशामुळं पाठवायचं?" उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते मुलीकडं होतं. ती गच्चीवरून पाणी प्यायला खाली आली होती आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मम्मी, अॅडमिशन मिळालं तर दवाखान्यातच जायचंय ना मला? तिथं काय संमतीपत्र घेऊन जाऊ का?" यांना हसू आलं. मला आलं नाही.

डिसेंबरात तिला सोडून आलो. अट एकच घातली, दर आठवड्याला घरी यायचं नाही. पूर्वी आम्ही ती आली नाही म्हणून रुसायचो. आता ती येते म्हणाली की मी कारणं शोधायची. मेसची भाजी बेचव होती, रूमवरची एक मुलगी परत आलीच नव्हती, तिची कॉट उभी करून ठेवली होती. वर्गात एक बाक सोडून एक. मास्क लावून सर शिकवत, त्यामुळं मागच्यांना ऐकू येत नसे. घरून आणलेली भीती मात्र पुढं फार दिवस टिकली नाही. पोरं ती. जानेवारीत तिचे फोन पुन्हा पूर्वीसारखे व्हायला लागले, दोन मिनिटांचे, घाईचे. ते ऐकून मला बरं वाटायचं.

१५ फेब्रुवारीला वरची कॉलेजं निम्म्या हजेरीनं उघडली, मुलाला प्रॅक्टिकलपुरतं नांदेडला बोलावलं. त्याच्या वेळी घरात चर्चाही झाली नाही. आधीच्या लेकराच्या वेळी सगळं बोलून संपलेलं असतं. आणि त्याच महिन्यात बातम्या उलट्या फिरल्या. लातूरच्या एका वसतिगृहात चाळीसच्या आसपास विद्यार्थी बाधित निघाले. वाशिम जिल्ह्यात देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेवर. त्या रात्री आमच्या शाळेच्या पालकांचे मला जे फोन आले, ते सगळे मोठ्या घरांतले होते. अंगठेवाल्या आज्यांकडून एकही नाही. २५ मार्चपासून नांदेड जिल्ह्यात कडक टाळेबंदी लागली, त्याआधी मुलगा आला, आठवड्याभरात मुलगीही. पुन्हा गच्ची, पुन्हा टाकीची सावली.

एप्रिलबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. लातूर, नांदेडमधल्या सरकारी दवाखान्यांत एका खाटेसाठी माणसं ओळखी शोधत होती. आमचे दीर त्यात गेले. पन्नाशीतले, शुगर नाही, बीपी नाही. आजार त्यांच्या घरी आला तो जवळच्या एका लग्नातून, पंगतीतून. आम्ही वर्षभर लेकरांच्या पिशव्या अंगणात उन्हात ठेवत होतो, त्यांना न्हाणीघरातून परस्पर आत घेत होतो. आणि मोठी माणसं आहेराचं पाकीट घेऊन गर्दीत बसत होती, कारण भावकीत तोंड दाखवावं लागतं. त्याला कुणी संमतीपत्र मागितलं नव्हतं. सासूबाईंना मार्चमध्येच लस मिळाली होती. त्या राहिल्या, त्यांचा धाकटा गेला. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या माझ्या मुलीला रोज विचारायच्या, पेपर कधी हाय तुझा?

पेपर नव्हताच. दहावीची परीक्षा एप्रिलात रद्द झाली, बारावीची ३ जूनला. मुलीनं बातमी वाचली आणि फोन बाजूला ठेवून सरळ फिजिक्स काढलं. नीट १२ सप्टेंबरला झाली. माझ्या शाळेतली ती दोन प्रतींची मुलगी त्या जूनमध्ये विनापरीक्षा दहावीत आली. दिवाळी आणि तुळशीचं लग्न दोन्ही टळून गेलं होतं. तिचं नाव अजून पटावर होतं, हे माझ्या त्या वर्षाच्या हिशेबात जमेच्या बाजूला आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या २० तारखेला कॉलेजं पुन्हा उघडली. अठरा पूर्ण झालेल्यांना दोन डोसचं प्रमाणपत्र हवं होतं, मुलाकडं ते होतं. पालकांची सही यावेळी आम्हाला तरी कुणी मागितली नाही. हे थोडे नाराज झाल्यासारखे वाटले. मुलगा बॅग भरून गेला, पंधरा दिवसांत दिवाळीला परत आला. आणि दिवाळी संपता संपता एसटीचा संप लागला. सरकार हो म्हणालं, कॉलेज हो म्हणालं, लसही झाली, घरात तर विचारायचंच राहिलं नव्हतं, आणि आता अहमदपूरच्या स्टँडवर गाडी नाही. ओळीनं उभ्या लाल गाड्या, त्यांच्यापुढं मंडप घालून बसलेले ड्रायव्हर-कंडक्टर. त्यांच्यातल्या दोघांची लेकरं माझ्या वर्गात होती, त्यामुळं मला त्यांच्यावर रागावताही येईना.

मुलगा काळी-पिवळीनं गेला. मी सोडायला गेले होते. मागं समोरासमोर बसलेली, मधे मांड्यांवर बॅगा घेतलेली, दाराला लटकलेली, सगळी कॉलेजचीच पोरं. ड्रायव्हरनं अजून एकाला आत कोंबून दार आपटलं. मी खिडकीतून विचारलं, "मास्क आहे का?"

"हो," तो म्हणाला, "खिशात आहे."